न भिडणाऱ्या तारा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगारापासून सळया होतात, त्या इंडक्शन भट्टीच्या जोरावर. भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीची गुंडाळी असते आणि नळीतून सतत पाणी खेळतं. गुंडाळी आणि भंगार यांच्यामध्ये लायनिंगची भिंत. तरीही गुंडाळीतल्या उलटसुलट प्रवाहानं भंगारात प्रवाह उठतो आणि सुमारे १६०० अंशांना लोखंडाचा रस होतो.

या किमयेचं मूळ २९ ऑगस्ट १८३१ च्या नोंदीत सापडतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेनं लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली होती. एकाला बॅटरी जोडली की दुसऱ्याजवळची चुंबकसुई हलायची आणि परत जागेवर यायची. बॅटरी काढली की पुन्हा हलायची. प्रवाह एकसारखा वाहत असेल, तर शेजारी काहीच नाही.

न भिडता एकमेकींवर परिणाम करणाऱ्या तारांच्या कथेची ही एक शाखा; दुसरी शाखा तारेच्या बारीकपणाची. १८२७ मध्ये ओमनं सांगितलं, तार दुप्पट लांब तर रोध दुप्पट. १९५७ मध्ये आयबीएमचे रॉल्फ लँडॉवर यांनी वेगळाच प्रश्न धरला: इलेक्ट्रॉन पार जातो की परततो? १९८८ मध्ये डेल्फ्ट आणि केंब्रिजच्या गटांनी अतिअरुंद वाटेची वाहकता मोजली, तेव्हा ती पायऱ्यापायऱ्यांनी चढताना दिसली. वाटेत एकही अडथळा नसला, तरी पहिल्या पायरीवर सुमारे १२,९०६ ओहम रोध उरतोच. तो तारेच्या तोंडाशी असतो, पोटात नाही. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत विलक्षण आकडा वाटतो.

अशा दोन तारा शेजारी ठेवल्या, की फॅरेडेचा वारसा सांगायचा मोह होतो; पण तो खोटा ठरेल. इथं चुंबकत्वाचं काम नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, आणि एका तारेतला एकसारखा प्रवाहही दुसरीत विद्युतदाब निर्माण करतो. याला ‘कूलोम्ब ड्रॅग’, म्हणजे कूलोम्ब ओढ, म्हणतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ पोग्रेबिन्स्की यांनी १९७७ मध्ये दोन थरांसाठी ही कल्पना मांडली. तारांमध्ये मात्र गुंता वाढतो, कारण एकेरी वाटेत इलेक्ट्रॉनना एकमेकांना ओलांडता येत नाही. एक हलला की सगळी रांग हलते.

२००६ मध्ये जपानी संशोधकांना उलटी ओढ दिसली: शेजारच्या तारेतले इलेक्ट्रॉन जणू विरुद्ध दिशेला सरकत होते. २०११ मध्ये १५ नॅनोमीटरच्या पडद्याआड एकावर एक ठेवलेल्या तारांमध्ये, इलेक्ट्रॉनांची दाटी बदलली तसतशी ओढ कधी सुलट, कधी उलट मिळाली. साध्या ढकलाढकलीच्या हिशेबात ही उलटी ओढ बसत नाही, म्हणून तिच्या कारणांवरून वाद झाले.