काळी, पांढरी आणि तक्त्यात नसलेला रकाना

"तुझी पीएचडी नेमकी कशावर?" असं कुणी विचारलं की मी "मातीच्या नावांवर" असं सांगते आणि समोरचा माणूस विषय बदलतो. तर आज जरा नीट सांगते. त्यासाठी गोंडपिपरीला जाऊ.

तालुक्याच्या एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला वर्धा. दोघी खाली एकत्र येतात आणि प्राणहिता होतात. चंद्रपूर जिल्ह्यात पश्चिमेला वरोऱ्याकडे काळी, कापसाची जमीन. पूर्वेला मूल-सिंदेवाहीकडे पिवळसर, धानाची. गोंडपिपरीत कापूसही दिसतो आणि धानाच्या बांध्याही. वर्धा ओलांडली की तेलुगू सुरू. शाळेच्या भूगोलातला 'रेगूर' हा शब्द तेलुगूतल्या 'रेगडि'वरूनच आलाय, हे मला इथे काम सुरू करेपर्यंत माहीत नव्हतं.

आता कागदांकडे. तिसरे रघुजी भोसले 1853 च्या डिसेंबरमध्ये वारले, औरस वारस नव्हता, आणि नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. चांदाही त्यातच गेलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि 1869 मध्ये मेजर ल्यूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसूल बंदोबस्ताचा अहवाल लिहिला. या आणि नंतरच्या बंदोबस्ताच्या कागदांत मातीची नावं येतात ती इथलीच: काळी, मोरंड, खरडी, वर्डी, बरडी, रेताडी. साहेबाने नवी नावं शोधली नाहीत, शेतकऱ्यांच्या तोंडची घेतली. मोरंड म्हणजे काळीपेक्षा हलकी, बहुधा चुनखडीचे खडे असलेली. वर्डी रेताड, पिवळसर, धानाला चालणारी. बरडी खडकाळ, कुणालाच नको असलेली.

पुढे 1880 च्या दशकात बॅम्पफिल्ड फुलर या अधिकाऱ्याने या नावांना आकडे चिकटवले. समजा चांगल्या काळीचा एक एकर 20 आणि बरडीचा 5 (हे आकडे माझे, समजावण्यापुरते). मग शेताचं क्षेत्र गुणिले मातीचा आकडा, सगळ्यांची बेरीज, त्यावर दर, की झाला सारा. जमीन उताराची आहे की सखल, पाणी धरते का, यावरूनही आकडा वरखाली व्हायचा. काम बारकाईचं होतं, हे मान्यच करायला हवं. पण एक गंमत बघा. काल जे बोलण्यातलं वर्णन होतं ("इकडची जरा मोरंड आहे, तिकडं खरडी लागते") ते आज प्रत्येक शेताला चिकटलेलं एकच पक्कं लेबल झालं. अर्धं शेत मोरंड आणि अर्धं खरडी असेल तर भांडणाला जागा!

माझा प्रबंध खरं तर याच भांडणांबद्दल आहे. पण काम करताना मला वेगळंच खटकलं. या तक्त्यात 'पांढरी' कुठेच नाही.

जुन्या मराठी कागदांत 'काळी-पांढरी' ही जोडी सारखी येते. काळी म्हणजे पेरायची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण, वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंती, शेणमाती साचून वस्तीची माती फिकट होते. ती काळीसारखी फुगत नाही, म्हणून भिंतीला चांगली. म्हणजे पेरायचं कुठे आणि राहायचं कुठे, हा मातीचाच निर्णय या दोन शब्दांत बसलेला होता. बंदोबस्ताला मात्र प्रश्न एकच: पीक किती? गावठाणावर सारा नाही, तर त्या मातीला रकाना कशाला? माझ्या मते घर बांधण्याचं मातीज्ञान कागदातून गळालं ते इथे.

हे मला अभिलेखागारात बसून सुचलेलं नाही. मी ज्या घरी मुक्कामाला होते त्यांनी गावठाणात जागा उरली नाही म्हणून रस्त्यालगतच्या धानाच्या बांधीत घर बांधलं. दोन पावसाळ्यांत भिंतीला तिरपी भेग, आणि संडासाचा शोषखड्डा ऑगस्टमध्ये काठोकाठ. मिस्त्रीला दोष देऊन झाला. मग आजी म्हणाल्या, "पोरी, या बांधीत आम्ही जन्मभर पाणी कोंडलं. आता ते खाली कसं जाईल?"

खरंच आहे ते. रोवणीआधी चिखलणी करतात ती पाणी झिरपू नये म्हणूनच. दरवर्षी चिखल तुडवून खाली एक घट्ट थर बसतो. अशा जागी शोषखड्डा खणायचा म्हणजे पूर्वजांच्या मेहनतीच्या उलट जायचं. भेगेचं कारण निराळं: मोरंडातली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी यावर उपाय सुचवला होता, पायाखाली न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर. मुरूम जवळ मिळतो तिथे हे जमण्यासारखं आहे. पण आधी विचारायला तर हवं.

परसबागेचं मात्र त्यांचं उत्तम चाललंय. वांगी, वाल, सगळं त्या ओल धरणाऱ्या मातीत खूश.

निघायच्या आधी आम्ही दोन खड्डे खणले, फूटभर खोल. एक बांधीत, एक वरच्या अंगाला, जुन्या पांढरीच्या कडेला. दोन्ही आधी भिजवून घेतले आणि मग पाण्याने भरले. वरचा जेवण होईपर्यंत रिकामा. बांधीतल्या खड्ड्यात सकाळी बेडूक बसला होता. नवा शोषखड्डा कुठे घ्यायचा ते ठरलं, पण वरची जागा चुलत्यांची आहे, त्यामुळे बोलणी सुरू आहेत.

बांधीतली मूठभर माती मी बाटलीत पाणी घालून हलवून ठेवली होती. रेती मिनिटाभरात तळाला गेली. बाटली अजून माझ्या खिडकीत आहे आणि वरचं पाणी तिसऱ्या दिवशीही गढूळच आहे.