अश्वकथा (कुमारसाहित्य)

पुराणकाळात किंवा दंतकथांच्या धूसर काळात घडणारी, घोड्याभोवती फिरणारी आणि कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली ऐतिहासिक कथा वा कादंबरी. मराठी ऐतिहासिक गोष्टींत घोडे पुष्कळ आहेत, पण बहुतेक नायकाच्या मांडीखाली. घोड्याला स्वतःची गोष्ट क्वचितच मिळते.

इंग्रजीतला ठळक नमुना म्हणजे रोझमेरी सटक्लिफची ‘सन हॉर्स, मून हॉर्स’ (1977). इंग्लंडमधील अफिंग्टनच्या टेकडीवर पांढऱ्या खडूच्या मातीत कोरलेली सुमारे 110 मीटर लांबीची अश्वाकृती आहे. ती कोणी कोरली याची नोंद नाही. सटक्लिफने तो कोरणारा मुलगा कल्पिला : पराभूत टोळीतला, चित्रांचे वेड असलेला, आपल्या माणसांच्या सुटकेच्या बदल्यात घोडा रेखणारा. पुढे 1990 च्या दशकातील तपासणीत आकृती सटक्लिफने धरलेल्या काळाहून शेकडो वर्षे जुनी ठरली. कादंबरीचे त्यामुळे काही बिघडले नाही.

आपल्याकडे असा ऐवज तयारच आहे. महाभारतातील नलोपाख्यानात बाहुक नावाच्या सारथ्याच्या रूपातला नल ऋतुपर्णाचा रथ अयोध्येहून विदर्भाकडे हाकतो. राजाचे उपरणे उडून पडते. तो थांबायला सांगतो, तर ते एक योजन मागे राहिल्याचे उत्तर मिळते. वेगाचे इतके नेमके चित्र एका उपरण्यात बसवलेले आहे. वाटेतच राजा नलाला द्यूताचे अक्षहृदय देतो आणि बदल्यात त्याला पुढे नलाकडून अश्वहृदय, म्हणजे घोड्यांच्या मर्माची विद्या, मिळते. ‘जैमिनी अश्वमेध’ ही कथा श्रीधरकवींनी ओवीत आणली. तीत पांडवांच्या यज्ञाचा श्यामकर्ण घोडा यौवनाश्वाच्या भद्रावतीहून आणायला भीमाबरोबर कर्णाचा पोर वृषकेतू आणि घटोत्कचाचा मुलगा मेघवर्ण निघतात. कुमार कादंबरीला याहून चांगली सुरुवात कोणती हवी? वडिलांना ज्या पांडवांनी मारले त्यांच्याच कामावर निघालेला मुलगा!

इतिहासकाळातले घोडेही दंतकथेत शिरतात. हळदीघाटीच्या लढाईत (18 जून 1576) राणा प्रतापांना वाचवणारा चेतक समकालीन नोंदींत नावानिशी सापडत नाही. त्याची कीर्ती पुढच्या चारणी काव्यांनी आणि इंग्रज अधिकारी टॉडच्या राजस्थानवरील ग्रंथाने पसरवली. मराठ्यांच्या बाजूला शिवचरित्राची सभासद बखर अधिक रोखठोक आहे : पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) व एक नालबंद (नाल ठोकणारा). बारगीराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. लढाईच्या गोष्टीत नालबंद येत नाही, हे नवलच आहे. नाल निखळला की मोहीम थांबते, हे त्याच्याखेरीज कोणाला कळणार?

खानदेशात हा विषय पुस्तकाबाहेर जिवंत आहे. शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईच्याहून शहाद्याच्या रस्त्याने तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा लागते. तिथल्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत, दत्तजयंतीपासून, मोठा घोडेबाजार भरतो. आज गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे. 1 जुलै 1998 रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. मारवाडी घोड्याचे आत वळून टोकाला टोक भिडवणारे कान, काठेवाडी घोडे, गोरा नुकरा, चारी पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी : हे शब्द इथे पोरांच्या तोंडी असतात. पारखी घोड्याचा ओठ वर करून दात पाहतो, वय ठरवतो. मग अंगावरचे भोवरे शोधतो. एखादा भोवरा अशुभ निघाला तर चांगल्या जनावराचाही भाव पडतो. मग मालक रेवाळ चाल दाखवतो : स्वाराच्या हातातले पाणी सांडू नये, इतकी सपाट.

या प्रकाराचा मराठी लेखक बहुधा घोड्याला गरुडासारखा उडवतो आणि विसरतो की त्याला तोबरा लागतो, खरारा लागतो, उन्हातून आल्यावर पाणी लागते. कल्पित काळाला खरेपणा अशा तपशिलाने येतो. शिंदखेड्याकडच्या मुलाला खोगीर आणि रिकीब समजावून सांगावी लागत नाही. बैलपोळ्याला बैल सजवणाऱ्या घरात जनावराचा स्वभावही ओळखीचा असतो. वृषकेतूने श्यामकर्णाच्या मानेवर पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा घोड्याने कान मागे पाडले की पुढे केले, हे तो मुलगा आधी विचारील.