सोफा, ओटी आणि बसकर

परवा आमच्या सोफ्याने अखेर मान टाकली. तसा तो दोन-तीन वर्षं कुरकुरत होताच. मधली गादी इतकी खोल गेली होती की त्यात बसलेला पाहुणा उठताना दोन्ही हात पुढे करायचा आणि आम्ही त्याला ओढून काढायचो! पण परवा ह्यांच्याच गुडघ्याने दगा दिला. बसले ते उठेचनात. शेवटी शेजारच्या मुलाला हाक मारावी लागली. तेव्हा ठरलं, आता सोफा बदलायचा. बजेट पंधरा हजार. पेन्शनीत त्याहून जास्त बसत नाही.

सोफा बदलायचा म्हटल्यावर मन मात्र भलतीकडेच गेलं. मी इतिहास शिकवला आयुष्यभर, त्यामुळे ही खोड जायची नाही. वाटलं, आपल्या घरात बसायला उंच जागा आली कधी? आणि तिच्यावर बसलं कोण?

माझं बालपण खालापूर तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. घराला ओटी, ओटीवर झोपाळा, आत माजघर. खुर्ची एकच, तीही हात मोडलेली, सरकारी माणूस आला तर पुसून बाहेर काढायची. झोपाळा आजोबांचा. बरोबरीच्या पाहुण्यांना सतरंजी आणि लोड. बायका माजघराच्या उंबऱ्याआड. कुळं ओटीच्या खाली, पायरीवर. आणि ठाकूर-कातकरी आले की ते अंगणातच उकिडवे बसत. कुणी कुणाला "तू इथे बस" असं सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. सांगावं लागतच नसे.

१९५७ साल मला अंधुक आठवतं, सहा-सात वर्षांची होते. त्या वर्षी १ एप्रिलला कूळकायद्याने कसेल त्याची जमीन झाली. घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलत. त्यानंतर कधीतरी आमचं जुनं कूळ आजोबांना भेटायला आलं. नेहमीच्या पायरीवर थांबलं, क्षणभर घुटमळलं आणि वर येऊन ओटीच्या कडेला बसलं. आजोबांचा झोपाळा थांबला. मग त्यांनी पानाचा डबा पुढे सरकवला. बस्स, एवढंच. पुढे वर्गात कूळकायदा शिकवताना कलमं पाठ करून घ्यायचे, पण माझ्या डोळ्यांपुढे ती पायरी आणि ती ओटीच यायची. एक हात उंचीचं अंतर असेल, पण ते चढायला केवढा काळ लागला!

आपल्याकडे बसण्याच्या जागेलाच मान चिकटलेला आहे. "गादीवर बसला" म्हणजे राजा झाला. "खुर्ची मिळाली" म्हणजे सत्ता मिळाली. ज्या किल्ल्याचं नाव आमच्या जिल्ह्याला १९८१ साली मिळालं, त्या रायगडावर १६७४ मध्ये महाराज सिंहासनावर बसले, ते काही आरामासाठी नव्हे. आणि उलट बाजूही आहेच. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा होता. तो त्यांनीच रोज घरी न्यायचा आणि आणायचा, कारण शाळेचा झाडूवाला त्याला हात लावत नसे. राजाला सिंहासन आणि एका हुशार पोराला गोणपाट! दोन्ही बसायच्याच वस्तू.

माझ्या मते आपल्या भागात माणसं शेजारी शेजारी बसायला शिकली ती घरात नव्हे, रेल्वेत आणि शाळेत. रेल्वे खोपोलीपर्यंत आली १८५६ मध्ये. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर ज्याचं तिकीट तो बसणार. शेजारी कोण आलं हे पाहून उठायचं तर कर्जतपर्यंत उभंच राहावं लागे! शाळेतही मी नोकरीला लागले तेव्हा पोरं बसकरावर बसत, सगळी एकाच लांब पट्टीवर. बाकं पुष्कळ नंतर आली.

आमच्या घरी सोफा आला १९८४ च्या दिवाळीत. ह्यांच्या बोनसमधून कर्जतच्या एका सुताराकडून करून घेतला. सागवानी सांगाडा, काथ्याच्या गाद्या, वरून चॉकलेटी रेक्झिन. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, पण त्या अखेरपर्यंत त्यावर बसल्या नाहीत. "पाय लोंबतात गं," म्हणायच्या आणि पाट ओढून खाली बसायच्या. मला तेव्हा ते खरंच वाटलं. आता वाटतं, जन्मभर उंबऱ्याआड बसलेल्या बाईला पुरुषांसमोर वर बसणं जमलं नसावं. १९८७ मध्ये टीव्हीवर रामायण लागलं आणि रविवारी सकाळी अर्धी आळी आमच्या घरात. तेव्हाही सोफ्यावर कोण आणि जमिनीवर कोण हे आपोआप ठरायचं. आजोबांची ओटीच ती, फक्त रेक्झिन लावलेली!

आणि आता जे सांगते ते सांगायला जरा जड जातंय. माझा एक कातकरी विद्यार्थी दहावी पास झाला. त्याच्या वाडीतला पहिलाच. त्याचे वडील पानाच्या द्रोणात जांभळं घेऊन घरी आले. दाराशीच उकिडवे बसले. मी म्हटलं, "वर बसा ना, दादा." ते म्हणाले, "राहूंद्या बाई, कपडं मळकं हायत." सोफ्याला आठवड्यापूर्वीच नवं मोतिया रंगाचं कापड लावलं होतं. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. चहा दिला, कौतुक केलं, ते गेले. त्याच आठवड्यात मी वर्गात समतेचा धडा शिकवला असेन.

असो. तर गेल्या शनिवारी लोकल पकडून उल्हासनगरला गेलो. आमच्या भागात स्वस्त फर्निचर म्हणजे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी ती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या बराकींत राहिली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला आमच्या उल्हास नदीचं नाव मिळालं. घरंदारं सोडून आलेल्या, जमिनीवर पथारी टाकलेल्या माणसांनी पुढे दुसऱ्यांच्या दिवाणखान्यांचे सोफे विकावेत, हेही नवलच.

सोफे दिसायला झकास. पण दुकानदाराची परवानगी घेऊन एकाचं खालचं कापड वर करून पाहिलं. आत हलकं लाकूड, प्लायचे तुकडे आणि पिना. एक टोक उचललं तर दुसरा पाय जागचा हलेना, सांगाडा पिळवटला. शिवाय बैठक जमिनीपासून जेमतेम सोळा इंच. आमच्या गुडघ्यांना एकोणीस तरी हवी. किंमत अठ्ठावीस हजार, घासाघीस करून चोवीस. वर टेम्पोचं भाडं. रिकाम्या हाताने परत आलो.

घरी येऊन जुना सोफा उघडला. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदी घरात शिरली तेव्हा काथ्या कुजला, तो फेकून स्वस्त फोम भरला होता. तोच आता बसला होता. सागवान मात्र ठणठणीत! मग गावातल्याच कारागिराला बोलावलं. खाली नवे पट्टे, वर ४० डेन्सिटीचा फोम, चारी पायांना तीन इंचांचे सागवानी ठोकळे. सगळे मिळून तेरा हजार चारशे. तुमचाही सांगाडा सागवानी असेल तर नवा घेण्याआधी एकदा उघडून बघा, एवढंच सांगेन.

कारागिराने वेलवेटचे नमुने दाखवले. मी खादीसारखं जाडंभरडं कापड घेतलं, खोळीसारखं काढून धुता येणारं. सून म्हणाली, "आई, हॉलमध्ये हे कसं दिसेल?" म्हटलं, मळलं तर धुवू, पण मळेल म्हणून कुणाला खाली बसायला लागायला नको.

तो विद्यार्थी आता पन्नाशीला आलाय. दिवाळीत येतो, मोकळेपणाने सोफ्यावर बसतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. त्याचे वडील मात्र गेले. ते असते तर या वेळी मी दुसऱ्यांदाही म्हटलं असतं.