पतनाचा नियम आणि संवादाची दुभाषिक घडण

उंचावरून सोडलेली वस्तू ठरावीक काळात किती अंतर खाली येते, हे आज शाळकरी विद्यार्थीही एका सूत्राने काढतो. हवेचा अडथळा वगळल्यास ती पहिल्या सेकंदाअखेर सुमारे ४.९ मीटर, दुसऱ्याअखेर १९.६ आणि तिसऱ्याअखेर ४४.१ मीटर खाली आलेली असते. सूत्रात शंकेला जागा नसते. गॅलिलिओने हा नियम ज्या ग्रंथात मांडला, त्यात मात्र ती होती. आणि ती त्या ग्रंथाच्या वाङ्मयीन घडणीमुळेच निर्माण झाली होती.

आर्चेत्री येथील नजरकैदेत पूर्ण झालेला 'दोन नवी शास्त्रे' हा ग्रंथ १६३८ साली लायडनमध्ये छापला गेला. त्याचे रूप साल्व्हियाती, साग्रेदो आणि सिंप्लिचो यांच्यातील संवादाचे. तिसऱ्या दिवशी साल्व्हियाती 'आमच्या ग्रंथकारा'चा गतीविषयक प्रबंध वाचून दाखवतो. तो प्रबंध लॅटिनमध्ये आहे. व्याख्या, प्रमेये, सिद्धता सारे लॅटिनमध्ये. त्यावरील शंका, आक्षेप, आठवणी इटालियनमध्ये. संपूर्ण ग्रंथ एकाच भाषेत उतरवला की हा सांधा दिसेनासा होतो.

या सांध्यातच एक चूक जपली गेली आहे. १६ ऑक्टोबर १६०४ रोजी पाओलो सार्पी यांना लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओने अचूक निष्कर्ष कळवला होता: पतनाचे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजेच समान कालखंडांतील अंतरे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या क्रमाने येतात. त्यासाठी आधारभूत मानलेले तत्त्व मात्र चुकीचे होते. वेग पार केलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे त्याने धरले होते. वास्तविक तसे असते, तर स्थिर वस्तू मुळी हललीच नसती. वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, ही योग्य व्याख्या १६३८च्या लॅटिन प्रबंधात येते. तेथे जुन्या चुकीचा मागमूस नाही. इटालियन संवादात मात्र ती साग्रेदोच्या तोंडी अवतरते, आणि ग्रंथकारही काही काळ याच भ्रमात होता, असे साल्व्हियाती सांगून टाकतो. (त्यानंतर तो करतो ते खंडन कितपत निर्दोष आहे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.)

एकसमान वाढणाऱ्या वेगाचा विचार त्याआधीचा. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या पंडितांनी तो मांडला होता, आणि दोमिंगो दे सोतोने १५५१ मध्ये तो पतनाला लावला. प्रयोगाची हकीकत मात्र सिंप्लिचोच्या मागणीवरून, इटालियनमध्येच येते: सुमारे १२ ब्राच्च्यो, म्हणजे जवळपास ७ मीटर लांबीची फळी, तिच्यात गुळगुळीत खाच, घरंगळणारी कांस्याची गोळी, आणि वेळ मोजण्यासाठी बारीक धारेने साठवून तोललेले पाणी. सरळ पतन मोजण्यास फार वेगवान, म्हणून उताराचा आधार.

गॅलिलिओचे लक्ष प्रमाणावर होते, प्रत्यक्ष आकड्यावर नव्हे. १६३२ च्या 'संवादा'त तो ५ सेकंदांत १०० ब्राच्च्यो असे पतन देतो. ते सुमारे ५८ मीटर होतात. प्रत्यक्षात वस्तू त्याच्या दुपटीहून अधिक, १२२ मीटर खाली येते. मर्सेनने हा आकडा अमान्य केला. पुढे बोलोन्यात येशूसंघी रिच्चोलीने आझिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे टाकून मोजमापे घेतली व ती १६५१ मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध केली. कोपर्निकसचे मत न मानणाऱ्या या मोजणाऱ्यालाही विषम संख्यांचा क्रम तसाच मिळाला.