मुंबई मेलनं ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’कडे

कानातले ते इअरफोन काढून खिशात टाक. १९७४ साली त्यांचा काही उपयोग नाही.

तू वर्धा जंक्शनच्या फलाटावर उभा आहेस. मे महिन्यातला रेल्वेचा संप मिटलाय, गाड्या धावतायत, पण चहाच्या टपरीवर अजून संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरून वाद चाललाय. पिशवीत गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेतलायस, ते बरं केलंस. मानेवर रुळणाऱ्या तुझ्या केसांकडे बाकावरचे टोपीवाले आजोबा दोनदा बघतात, मग न राहवून विचारतात, “कुठं चाल्ला रे बाबू?”

“मुंबईले. गाणं ऐकाले.”

“गाणं ऐकाले मुंबईले? घरी रेडू नाही का तुह्या?”

रेडिओ आहे. बुधवारी त्यावर बिनाका गीतमाला लागते. पण तू जे ऐकायला निघालायस ते आपल्या गावातल्या दुकानात मिळत नाही आणि खरं सांगायचं तर मुंबईतल्या दुकानातही नाही. त्या बँडची एकसुद्धा तबकडी अजून निघालेली नाही. तो जिथं वाजवत असेल तिथं जाऊन उभं राहायचं, एवढा एकच मार्ग. तिकडे पवनारला विनोबांनी चार वर्षांपूर्वी क्षेत्रसंन्यास घेतलाय, जागा सोडायची नाही म्हणून. तू मात्र निघालास.

हावडा-मुंबई मेल येते. पुलगाव मागे पडतं, बडनेरा, अकोला मागे पडतं. भुसावळला इंजिन बदलतं, इथून पुढे विजेचं. तुझा डोळा लागतो तो बोरीबंदर येईपर्यंत.

कुलाब्यात कुणीतरी तुला ‘स्लिप डिस्क’ नावाचा क्लब दाखवेलच. दोन वर्षांपूर्वी, १९७२ साली, लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट इथल्या पोरांबरोबर वाजवून गेले, हे सांगताना त्याचा आवाज चढेल. खरंय ते. पण मुंबईच्या रॉकबद्दल बोलणारे बहुतेक जण त्या एका रात्रीपाशीच अडकून बसतात. पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी जे वाजवत होते, त्यांचं नाव घ्यायचं राहून जातं. तू त्यांच्यासाठी आलायस.

आता या सभागृहात घूस. मागे उभा राहा, पुढची गर्दी कॉलेजच्या पोरापोरींची आहे आणि ती जागा देणार नाही. बँडचं नाव ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’, कीथ कांगानं उभा केलेला. परदेशी गिटार आणि ॲम्प्लिफायर आणायचं म्हणजे परकीय चलनाची मारामार, वर आयातीचं ओझं. म्हणून या काळातले बँड जे मिळेल त्यावर भागवतात: कुणाकडून उसनं, कुणी विलायतेहून येताना आणलेलं, कुणी इथंच जुळवलेलं. आवाज फाटतो. तो फाटलेला आवाज तुला आवडणार आहे.

हेंड्रिक्सचं ‘फॉक्सी लेडी’ सुरू होतं. ड्रम छातीत लागतो. आणि मग गायक पुढे येतो, मधुकर चंद्र धस. हे नाव नीट लक्षात ठेव. गेल्याच वर्षी आलेलं डीप पर्पलचं ‘मेरी लाँग’ हा माणूस असं गातो की जणू ते गिरगावातच लिहिलं गेलंय. तू म्हणशील, ही तर दुसऱ्यांचीच गाणी. हो, बरीचशी. हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो मला निम्माच पटतो. आपल्याकडे एकच बंदिश शंभर जण गातात तेव्हा आपण ती कुणाची हे विचारत नाही, हा कशी गातो तेवढं बघतो. इथंही तेवढंच बघ.

याच साली दिग्दर्शक अलेक पदमसींनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ रंगमंचावर आणलंय. त्यात मधुकर आहे, आणि जूडास झालाय नंदू भेंडे, आपले नट-दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचा मुलगा. मराठी घरातली पोरं या गर्दीत होती, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

चल, १९८१.

बँडची एकुलती एक एलपी आत्ता कुठे बाजारात आलीय. नाव ‘ऑब्सेशन ’७७’. नावातच साल आहे. निघाली चार वर्षं उशिरा, म्युझिक इंडियाच्या शिक्क्यानं. तोवर ‘कुर्बानी’ सिनेमा येऊन गेलाय, त्यातलं नाझिया हसनचं गाणं वर्ध्यातल्या लग्नांच्या वरातींत वाजतंय आणि गिटारवाल्यांची सद्दी संपलीय. ही तबकडी कोण घेणार? फार कुणी घेत नाही. बँड वाईट होता म्हणून तो बुडाला नाही, त्याची वेळ चुकवली गेली.

        

 

  

आणि २०११च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या रेकॉर्ड कंपनीनं त्या बुडालेल्या एलपीसोबत बँडची आधी न निघालेली ध्वनिमुद्रणंही शोधून काढून प्रसिद्ध केली. म्हणून तर आता मुंबई मेल पकडावी लागत नाही.

तेव्हा इअरफोन काढ खिशातून. पण एलपीपासून सुरुवात करू नकोस. तिच्यातला काही भाग हॉटेलातल्या गिऱ्हाइकांना जेवताना त्रास होऊ नये म्हणून वाजवल्यासारखा गुळगुळीत आहे; तो आधी ऐकलास तर पाच मिनिटांत बंद करशील. आधी ‘मेरी लाँग’ आणि ‘फॉक्सी लेडी’, आवाज मोठा ठेवून. मग ‘बटरफ्लाय’. मग एलपीचं शीर्षकगीत. मित्राला पाठवायचं असेल तर एकच पाठव, आठ पाठवलीस तर तो एकही उघडणार नाही.

हे पचलं की मागोमाग ‘सिमला बीट ’७१’ या संकलनातला ‘व्हेल्वेट फॉग’, नंदू भेंड्यांचा बँड. आणि घरात कुणी म्हणालंच की हे इंग्रजी काय लावलंस, तर त्यांना पु. लं.च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुश झालेला नंदू भेंडे ऐकव. मराठीत आहे. तिथं तक्रारीला जागा नाही.