मोटारीतले पाणी

उन्हाळ्यात बोरघाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्या एके काळी सर्रास दिसत. चालक जवळच्या टपरीवरच्या पिंपातले पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतत असे, आणि थोड्या वेळाने गाडी पुढे निघत असे. आपण याला बिघाड म्हणतो. पहिल्या मोटारीत मात्र ती नेहमीचीच रीत होती.

कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत इंजिनाभोवतीचे पाणी सरळ उकळून जात असे. यात भौतिकशास्त्राचा चांगला उपयोग करून घेतला होता. १ ग्रॅम पाणी २० अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ८० कॅलरी लागतात, तर त्या उकळत्या पाण्याची वाफ व्हायला आणखी सुमारे ५४० कॅलरी. म्हणजे थोडेसे पाणी गमावून पुष्कळ उष्णता घालवता येते. पण गमावलेले पाणी पुन्हा भरावे लागते. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला सुमारे १०० किलोमीटर गेल्या. इंधन त्यांनी वाटेत औषधाच्या दुकानातून विकत घेतले, हे सगळेच सांगतात. मिळेल तिथे पाणी भरत जावे लागले, हे फारसे कोणी सांगत नाही.

यावर उपाय म्हणजे तेच पाणी थंड करून फिरवत ठेवणे. पण इंजिने मोठी होऊ लागली तशी पाण्याची टाकीही जड होऊ लागली. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी जो रेडिएटर केला, त्याने हा प्रश्न सोडवला. सुमारे ६ मिलिमीटर बाजूच्या, चौकोनी छेदाच्या ८,०७० आखूड नळ्या त्यांनी एकमेकींशेजारी जोडल्या. नळ्यांतून हवा जाई आणि नळ्यांमधल्या फटींतून पाणी. समोरून ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसे, आणि नावही तेच पडले. पाण्याचा थर पातळ आणि हवेला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे आधी १८ लिटर पाणी लागे तिथे ९ लिटर पुरू लागले.

नंतरचे रेडिएटर वेगळ्या घडणीचे असले, तरी अरुंद वाटेचे तत्त्व राहिले. आणि माझ्या मते देखभालीचा सारा इतिहास या अरुंद वाटेतच दडलेला आहे. जी फट उष्णता चटकन सोडते, तीच चटकन बुजते. दुष्फेन पाणी तापले की त्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन कार्बोनेटचा पांढरा थर बसतो, तसाच जसा बंबात बसतो. लोखंडाचा गंज त्यात मिसळतो. दर वेळी ओतलेले नवे पाणी नवे क्षार आणते. पिंपातल्या पाण्याने त्या दिवशी घाट चढता येतो, पण पुढच्या खेपेचा त्रासही तेच पाणी पेरून जाते.

थंड देशांत आणखी एक संकट होते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि ओतीव लोखंडाचे इंजिन तडकते. आधी पाण्यात अल्कोहोल मिसळत, पण ते उडून जाई. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्त्झ यांनी १८५० च्या दशकात बनवलेले एथिलीन ग्लायकॉल १९२७ मध्ये अमेरिकेत मोटारींसाठी बाजारात आले. ते १९७ अंशांना उकळते, म्हणून टिकते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठू लागते. मात्र उष्णता व हवेमुळे ग्लायकॉलचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन आम्ले तयार होतात. त्यांना आवर घालणारी गंजरोधक द्रव्ये काही वर्षांत संपतात. म्हणून द्रव भरलेला दिसत असला तरी ठरलेल्या मुदतीत तो बदलावाच लागतो.

हे काम थंड इंजिनावरच करायचे. रेडिएटरच्या झाकणाखाली दाब असल्याने आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो आणि उकळते पाणी अंगावर उसळते. गाडीत हीटर असेल तर त्याची कळ पूर्ण गरम बाजूला ठेवायची. हीटर म्हणजे त्याच पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटर, आणि काही गाड्यांत कळ बंद असली की तिथे पाणीच जात नाही. मग जुना द्रव काढून टाकून नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने हलक्या दाबाने पाणी सोडतात. फटीच्या तोंडाशी अडकलेला गाळ आल्या वाटेने लवकर सुटतो. शेवटी ऊर्ध्वपातित पाणी आणि शीतक भरून इंजिन चालवायचे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. निघालेला द्रव गटारात सोडू नये. ग्लायकॉल गोडसर पण विषारी असते आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.

मी घेतलेल्या जुन्या गाडीत आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे बोअरचे पाणी घातले होते. रेडिएटर उतरवला तेव्हा मूठभर पांढरट-तांबूस खपल्या निघाल्या. त्या मी शाळकरी मुलीच्या हवाली केल्या. तिने वाटीत व्हिनेगर ओतले. पांढरा भाग फसफसून विरला, आणि तळाशी तांबडा गंज राहिला.