ताशी १०१७ किलोमीटरवरून शून्य

१० डिसेंबर १९५४. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचं वाळवंट, हॉलोमन हवाई तळ. रुळांवर एक गाडी उभी आहे. गाडी म्हणजे काय, तर रुळांवरून घसरणारा एक सांगाडा, पुढे एक खुर्ची आणि मागे नऊ रॉकेट. खुर्चीत पट्ट्यांनी आवळून बांधलेला ४४ वर्षांचा लेफ्टनंट कर्नल जॉन पॉल स्टॅप. हा टेस्ट पायलट नव्हे बरं का, हवाई दलाचा डॉक्टर!

रॉकेट पेटली आणि पाच सेकंदांत गाडी ताशी १०१७ किलोमीटरला पोचली. मग रुळांच्या मध्ये साठवलेल्या पाण्यात गाडीखालची पावडी घुसली आणि पुढच्या १.४ सेकंदांत गाडी ठप्प उभी राहिली.

वेग वगैरे भन्नाट आहेच, पण मला यातली आकडेमोड जास्त आवडते. अकरावीच्या फिजिक्समध्ये ती आपण सगळ्यांनी केलेली आहे. फक्त तिथे 'एक मोटार' असायची आणि मोटारीत कोणी बसलेलं नसायचं.

करून बघू. ताशी १०१७ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २८२ मीटर. हा वेग मिळवायला ५ सेकंद लागले, म्हणजे त्वरण ५६. त्याला गुरुत्वत्वरणाने, ९.८१ ने, भागलं की झाले पावणेसहा जी. छातीवर बरीच माणसं येऊन बसल्यासारखं वाटेल, पण चालून जाईल. आता थांबताना: २८२ भागिले १.४, म्हणजे २०१. साडेवीस जी.

पण त्या दिवशीचा नोंदलेला आकडा आहे ४६.२ जी. गणित चुकलं का? नाही. आपण काढली ती सरासरी. ब्रेक काही सगळा वेळ सारख्या जोराने लागत नाही, मध्येच एक सुळका येतो. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम बघून 'सगळं मस्त चाललंय' असं सांगणारा मॅनेजर ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको :-) बरगडी सरासरीने मोडत नाही, त्या सुळक्याने मोडते. ७५ किलोचा माणूस धरला तर ४६.२ जीला त्याच्यावरचं बल होतं सुमारे ३४,००० न्यूटन. म्हणजे क्षणभर त्याचं वजन जवळपास साडेतीन टन!

स्टॅप वाचला. शरीर पट्ट्यांनी धरून ठेवलं होतं, पण डोळ्यांना कोण बांधणार? त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि उतरल्यावर त्याला काही दिसेना. दुसऱ्या दिवसापर्यंत दृष्टी परत आली.

हे कशासाठी? तर त्या आधीच्या काळात असं धरून चालत असत की १८ जीच्या पुढे माणूस जगत नाही. विमानातल्या खुर्च्या आणि पट्टे त्याच हिशोबाने बनायचे. मग अपघातात खुर्ची उखडली आणि पायलट गेला, की 'नाहीतरी वाचला नसताच' म्हणून फाईल बंद. म्हणजे माणूस धक्क्याने मेला की तकलादू खुर्चीमुळे, हे कोणी तपासतच नव्हतं. स्टॅपने १९४७ पासून कॅलिफोर्नियात म्युरॉकच्या तळावर हे तपासायला घेतलं. आधी पुतळा बसवला, मग स्वतः बसला. बरगड्या मोडल्या, मनगट मोडलं, आणि १८ चा आकडा निकालात निघाला.

याच प्रयोगांत १९४९ मध्ये एडवर्ड मर्फी नावाच्या इंजिनिअरने पट्ट्यांवरचं बल मोजायला सेन्सर आणले. एका चाचणीनंतर बघतात तर नोंद शून्य! सगळे सेन्सर उलटे जोडलेले. मर्फी काय म्हणाला याच्या बऱ्याच आवृत्त्या आहेत, पण आपण रिलीजच्या आदल्या रात्री ज्याच्या नावाने खडे फोडतो तो मर्फीचा नियम इथला. तो पत्रकारांपर्यंत पोचवला स्टॅपनेच.

मला स्टॅप खरा मोठा वाटतो तो पुढच्या भागात. हवाई दलाची माणसं विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातांत जास्त मरताहेत, हे त्याच्या लक्षात आलं. मग तो मोटारींच्या मागे लागला. वरिष्ठांना हे रुचलं नाही, पण १९५५ मध्ये त्याने मोटारवाल्यांना आणि संशोधकांना हॉलोमनला बोलावलंच.

आता तेच गणित आपल्या गाडीत करू. वेग ताशी ५० किलोमीटर, समोर भिंत. इथे वेळेपेक्षा अंतर सोपं: वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. पट्टा लावलेला माणूस गाडीबरोबर थांबतो. बॉनेट चेपलं जातं, पट्टा थोडा ताणला जातो, मिळून ६० सेंटिमीटर धरू. उत्तर साधारण १६ जी. पट्टा नसेल तर गाडी थांबते, माणूस मात्र ५० नेच पुढे जातो आणि डॅशबोर्डवर पाचेक सेंटिमीटरात थांबतो. उत्तर जवळजवळ २०० जी. वेग तोच, माणूस तोच, फरक फक्त ५५ सेंटिमीटरांचा.

आणि 'बाळाला मी मांडीवर घट्ट धरते ना' याचंही उत्तर याच गणितात आहे. १६ जीला दहा किलोच्या बाळाचं वजन १६० किलो होतं. हे सगळं सरासरीनेच बरं, सुळका अजून धरलेलाच नाही.

याच सूत्राचं एक भयंकर उदाहरण १९७७ चं. सिल्व्हरस्टोनला सरावात डेव्हिड पर्ली या ब्रिटिश ड्रायव्हरचं ॲक्सिलरेटर अडकलं आणि त्याची फॉर्म्युला वनची गाडी ताशी १७३ किलोमीटरवरून ६६ सेंटिमीटरांत थांबली. विक्रमांच्या पुस्तकात १७९.८ जी असा अंदाज दिलाय. करून बघा, १७८ च्या आसपास येतं. पर्ली पट्ट्यांनी बांधलेला होता. हाडं ठिकठिकाणी मोडली, पण तो जगला आणि पुन्हा रेसमध्येही उतरला.

असो. १९६६ मध्ये अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली त्या समारंभाला स्टॅप हजर होता. हॉलोमनला सुरू झालेली ती परिषद पुढे त्याच्याच नावाने दरवर्षी भरत राहिली. तो स्वतः १९९९ मध्ये गेला, ८९ व्या वर्षी, ॲलामोगोर्डोला आपल्या घरी, शांतपणे.